भर घालण्यासारखे काही नाही

दि. १२ नोव्हेंबर

चि. घुबडास,

काकाचे अनेक आशीर्वाद. आम्ही उभयता ठीक. तुझे पत्र सोमवारी पोचले. पाकिटावरचे तिकीट उलटे होते आणि एका कोपऱ्याला सुटलेही होते. तीन महिने कागद-दुरुस्तीच्या कार्यशाळेत काढलेल्या मुलीकडून ही अपेक्षा नव्हती. तिथे खळ लावायला शिकवतात, की नुसता खळीचा इतिहास सांगतात?

फोनवर मी "हं" आणि "बरं" यांच्या पलीकडे जात नाही, ही तुझी तक्रार मान्य. म्हणून हे लांबलचक लिहितो आहे. भोग आता.

पाच विद्यापीठांची यादी पाहिली. पहिले तू नावासाठी निवडलेस, दुसरे पहिल्याने नाही म्हटले तर, चौथे दुसऱ्यानेही नाही म्हटले तर, आणि पाचवे तुझ्या आईने कुठेतरी त्याचा फोटो पाहिला म्हणून. तिथली झाडे फार छान आहेत, असे वहिनींनी मलाही कळवले आहे. खरे एकच, तिसरे. तेही तिथे शिकवणाऱ्या त्या बाईंसाठी. आपल्या संग्रहातल्या पोथ्यांची लिपी सहज वाचणारी माणसे जगात चार असतील. एक त्या बाई, एक मी, एक तू, आणि चौथा मी सौजन्य म्हणून धरला आहे. त्यांच्या हाताखाली चार वर्षे काढलीस तर तू काय होशील याचा मला अंदाज आहे, पण तो इथे लिहीत नाही. तुला शेफारायला फार वेळ लागत नाही.

शिष्यवृत्तीला वयाची अट तिशीच्या आतली आणि तुझी तिशी जूनमध्ये भरते, म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही, हे तू एकाच पत्रात तीनदा लिहिले आहेस. मला पहिल्या वेळीच कळले होते.

आता तुझे निवेदन. "लहानपणापासूनच मला जुन्या कागदांचे आकर्षण होते." खोटे. लहानपणी तुझे वडील तुला घेऊन संग्रहालयात यायचे, तेव्हा तू माझ्या टेबलाखाली बसून फक्त खायचीस, आणि डोळे एवढे मोठे करून बघायचीस की कारकून घाबरायचा. त्यावरूनच तुझे नाव पडले. आकर्षण सहा वर्षांपूर्वी सुरू झाले, तुझे वडील गेल्यावर तू माझ्या हाताखाली कामाला लागलीस तेव्हा. तसेच लिही. आणि मुख्य गोष्ट घातलीच नाहीस. दोनशे बाराव्या बासनातली सुटी पाने आणि सहाशे चाळिसाव्यातली सुटी पाने, दोन्ही अपूर्ण म्हणून माझ्या गुरूंनी नोंदवलेली. मीही तशीच नोंदवली. तू ती एकावर एक ठेवून उजेडात धरलीस. किड्याने पाडलेली भोके एका सरळ रेषेत आली, आणि ती दोन नव्हे, एकच पोथी निघाली. पन्नास वर्षांत हे कुणाला सुचले नव्हते. ते घाल.

संग्रहालयात तुझ्यावाचून काही अडत नाही, असे लिहिणे शिष्टाचाराला धरून होईल. वर्णनसूची तू गेलीस तेव्हा अकराशे त्रेसष्टाव्या बासनावर होती. आज ती अकराशे सत्तराव्यावर आहे. तीन महिन्यांत सात. कपाटे पाहिली की उरलेली एकोणीसशे बासने माझ्याकडे बघून माना हलवतात. कारकून रजेवर. संचालक हजर आहेत, पण फरक विशेष जाणवत नाही.

शिफारसपत्राचे काम कालच उरकले. संकेतस्थळाने मला संकेतशब्द विचारला. मी दिलेला त्याला पसंत पडला नाही. त्यात एक अंक, एक मोठे अक्षर आणि एक चिन्ह हवे होते. एवढ्या अटी माझ्या गुरूंनी मला शिष्य करून घेतानाही घातल्या नव्हत्या. मग एक तक्ता. तुमच्या हाताखालून गेलेल्या सर्वांत ही व्यक्ती कुठे बसते? पहिल्या एक टक्क्यात, पाच टक्क्यांत, दहा, पंचवीस, पन्नास. एकतीस वर्षांत माझ्याकडे चाळीस साहाय्यक झाले. चाळिसातला एक टक्का म्हणजे अर्ध्याहूनही कमी माणूस. तू तर अख्खी आहेस. पुष्कळ विचार करावा लागला.

काय लिहिले ते विचारू नकोस. ते वाचण्याचा हक्क सोडत असल्याची खूण अर्जात तूच केली आहेस.

वहिनींना नमस्कार.

तुझा
काका


दि. २४ जानेवारी

चि. घुबडास,

अनेक आशीर्वाद. अर्ज पाचही ठिकाणी वेळेत गेले हे वाचून बरे वाटले. भोकांची गोष्ट तू शेवटपर्यंत घातली नाहीस. "काका, ते माझ्या तोंडी बरं दिसत नाही, तुमच्या पत्रात शोभेल," असे लिहितेस. ठीक आहे. विनय हा गुण आहे, असे मीच तुला शिकवले असणार.

इकडची एक गंमत. तुझ्या काकूच्या कॉलेजातली मुलेही परदेशी निघाली आहेत आणि इंग्रजीची शिक्षिका म्हणून सगळ्यांना तिचेच पत्र हवे असते. गेल्या रविवारी सकाळी ती पत्रे लिहीत बसली होती, मी भांडी पुसत होतो. सहज डोकावलो. "माझ्या साऱ्या कारकिर्दीत भेटलेली सर्वोत्तम विद्यार्थिनी." छान. पुढचे पत्र एका मुलाचे. "माझ्या साऱ्या कारकिर्दीत भेटलेला सर्वोत्तम विद्यार्थी."

"किती जणांना लिहिलंस हे?"

"यंदा अकरा."

"अकराही जण सर्वोत्तम?"

"हो."

"त्यांतला खरा कोणता?"

"तुम्ही कपाची कड पुसा, तिथे डाग राहिलाय," ती म्हणाली. "अहो, तिकडे सगळेच असं लिहितात. नुसतं 'चांगली आहे' म्हटलं की त्यांना वाटतं, ह्या गृहस्थाला ती नकोय पण तोंडावर म्हणवत नाहीये. आणि तो तक्ता असतो ना, त्यात पहिला चौकोन सोडून कुठेही खूण केली की झालंच."

"काय झालंच?"

"पोरीचं कल्याण झालं."

मी कपाची कड पुसली. अतिशयोक्ती हा अलंकार आहे, पण तो सगळ्यांनीच घातला तर न घातलेला माणूस उघडा दिसतो, हे आमच्या शास्त्रकारांनी कुठे लिहून ठेवलेले नाही. लिहायला हवे होते.

तिसऱ्या विद्यापीठातून, त्या बाईंकडून, मला मंगळवारी एक विचारणा आली होती. औपचारिकच. काल उत्तर दिले. त्यावर तू विचार करीत बसू नकोस.

थंडी बरी आहे. चष्म्याचा नंबर पुन्हा बदलला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई बोलक्या आहेत. तपासताना सगळे सांगतात, फक्त डोळ्यांबद्दल काही सांगायची वेळ आली की कागदावर लिहितात. वर्णनसूची अकराशे शहात्तर.

कार्यशाळेत तू फाटलेले पान असे जोडलेस की शिक्षकांनाच जोड सापडला नाही, हे वाचले. अभिमान वाटला, असे समज.

तुझा
काका


दि. २ मार्च

चि. घुबडास,

आशीर्वाद. तीन नकार आले, हे वहिनींनी फोनवर सांगितले. त्यांचा आवाज बसला होता. पाचव्या विद्यापीठाच्या झाडांना त्या आता नावे ठेवतात.

असल्या वेळी काय लिहावे ते मला येत नाही. ज्यांना येते ते म्हणतात की नकार माणसाला घडवतो. मला तसा अनुभव नाही. मला नकार आले तेव्हा मी फक्त चिडचिडा झालो, आणि तो स्वभाव तेवढा टिकला.

पहिल्याचे आणि तिसऱ्याचे उत्तर अजून यायचे आहे.

दरम्यान एक बातमी. संग्रहालयात साहाय्यकाची कायम जागा व्हावी, असा अर्ज मी संचालकांकडे दिला होता. ती जागा मंजूर झाली. संचालकांनी अर्ज चक्क पूर्ण वाचला. मला खोलीत बोलावून म्हणाले, "अहो, ही मुलगी अशी असेल तर तिला आपण इतकी वर्षं हंगामी का ठेवली?" मी म्हणालो, तुम्हाला विचारायचे राहून गेले. तर ते आहे. घाई नाही. तिकडचे काय होते ते बघ. पण आहे.

तुझे टेबल मी खिडकीपाशी हलवून घेतले. तिथे उजेड चांगला येतो.

अक्षर मोठे झाले आहे, याची जाणीव आहे. कागद वाया जातो.

तुझा
काका


दि. १९ एप्रिल

चि. घुबडास,

तुझे पत्र येऊन नऊ दिवस झाले. तू माझी उत्तरे मोजत असतेस, म्हणून उशीर झाला हे तुला कळले असेलच.

पहिल्यांनी नाही म्हटले आणि मग तिसऱ्यांनीही. तू रडलीस का ते लिहिले नाहीस. हे मात्र लिहिलेस: "काका, मला माझी कुवत कळली, आणि बरं झालं वेळेत कळली. तुमच्यासारख्या माणसाने लिहूनही झालं नाही, म्हणजे कमी माझ्यातच होतं. एक जूनपासून रुजू होते. तुम्ही नसतात तर मी कुठे गेले असते?"

हे मी नऊ दिवस वाचतो आहे.

तू वाचण्याचा हक्क सोडला होतास, मी लपवण्याचा सोडतो. माझ्या शिफारसपत्रात सात ओळी होत्या. ती माझ्याकडे सहा वर्षे आहे. नियमित आहे. अक्षर स्वच्छ आहे. चुका कमी करते. लिपीचे ज्ञान समाधानकारक आहे. सोपवलेले काम पूर्ण करते. पुढील अभ्यासास योग्य आहे. तक्त्यात मी दुसऱ्या चौकोनात खूण केली, कारण चाळीस माणसांतून एक टक्का निघत नाही. भोकांची गोष्ट त्यात नव्हती.

इथपर्यंत जे झाले ते अडाणीपणाने झाले, असे म्हणता येईल. "समाधानकारक" हा शब्द माझ्या गुरूंनी मला सात वर्षांत एकदा दिला. त्या दिवशी मी घरी चालत गेलो नाही, तरंगत गेलो. एकतीस वर्षांत मी तो कुणालाही दिला नव्हता. तुला दिला. मला वाटले, याहून मोठे आता काय लिहायचे. तिकडे तो वाचून त्यांना काय वाटणार हे मला नोव्हेंबरात खरोखर माहीत नव्हते.

जानेवारीत माहीत होते.

रविवारी काकू जे बोलली ते तुला मी गंमत म्हणून लिहिले. ती गंमत नव्हती. मी कप ठेवला आणि तिला सांगितले की मी दुसऱ्या चौकोनात खूण केली आहे. तिने हातातले पेन खाली ठेवले. मग म्हणाली, "अजून काही करता येईल का ते बघा." मी म्हणालो, आता सगळे बंद झाले.

बंद झाले नव्हते. मंगळवारी त्या बाईंचे पत्र आले. ते औपचारिक नव्हते. त्यांनी लिहिले होते की तुझे लेखन त्यांना फार आवडले, त्यांच्यापुढे दोन उमेदवार उरले आहेत आणि एकच जागा आहे; समितीतल्या इतरांना माझे पत्र कोरडे वाटते आहे. "आपण तिला सर्वांत जवळून पाहिले आहे. शुक्रवारपर्यंत आपल्याला काही भर घालायची असल्यास मी ती समितीपुढे स्वतः ठेवीन." माणूस याहून सरळ विचारू शकत नाही.

मी लिहायला बसलो. बुधवारी आणि गुरुवारी लिहिले. तीन पाने झाली. भोकांचे सगळे आले. तू पाने उजेडात कशी धरलीस, "काका, इकडे या जरा," असे किती हळू म्हणालीस, आणि मी येऊन पाहिल्यावर माझ्या गुरूंची आणि माझी जुनी नोंद तू स्वतः खोडली नाहीस, पेन माझ्या हातात दिलेस, तेही आले. त्यात एकही अतिशयोक्ती नव्हती. गरज पडली नाही.

शुक्रवारी सकाळी मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. त्यांनी कागदावर लिहिले ते मी बाहेर येऊन वाचले. दोन्ही डोळ्यांच्या मधल्या भागातली नजर जाते आहे. कडेचे दिसत राहील, समोरचे नाही. दोन वर्षे, फार तर तीन. कपाटे दिसतील, बासने दिसतील, पानावरचे अक्षर दिसणार नाही. मी संग्रहालयात आलो, तुझ्या रिकाम्या खुर्चीवर बसलो, आणि त्या बाईंना उत्तर पाठवले. एक ओळ. "लिहिले आहे त्यात भर घालण्यासारखे काही नाही."

मग ती तीन पाने घेतली, वरचा मायना बदलला आणि संचालकांच्या खोलीत नेऊन दिली. तुझ्या कायम जागेचा अर्ज तो हाच. संचालकांनी जे वाचून मला विचारले की अशी मुलगी हंगामी का ठेवली, ते त्या बाईंनी वाचायचे होते.

डोळ्यांचे तुला सांगितले ते कारण आहे म्हणून, सबब म्हणून नव्हे. तू कुणाजवळ म्हणू नयेस की बिचारे घाबरले होते. घाबरलो होतो, पण बुद्धी शाबूत होती. मायना मी सावकाश, विचार करून बदलला. अक्षरही चांगले आले. मी स्वतःला सांगितले की मी खोटे काहीच लिहिलेले नाही, आणि ते खरे आहे. सात ओळींतली एकही खोटी नाही. एवढ्या खरेपणाने एखाद्याचे आयुष्य अडवता येते, हे मला या वयात कळले, आणि कळले तेव्हा ते मी वापरले.

तुझे पत्र आले त्याच दिवशी मी त्या बाईंना तीन पाने पाठवली आणि वर घडले ते सगळे लिहिले. त्यांचे उत्तर चार ओळींचे आले. जागा भरली. दुसरा उमेदवार निघायच्या तयारीत आहे. पुढच्या वर्षी त्या स्वतः निवृत्त होत आहेत. शेवटची ओळ अशी: "हे वाचून मला जानेवारीपेक्षा अधिक वाईट वाटले." शिष्यवृत्तीच्या कचेरीला वयाची अट शिथिल होईल का, ते दोनदा विचारले. दुसऱ्या वेळी त्यांनी नियमाची प्रतच पाठवली. दुसरे कुठे काही जमते का म्हणून काकू रोज शोधते. तिला कालपर्यंत काही सापडलेले नाही, आणि ती सापडले नाही म्हणते तेव्हा ते नसते.

म्हणजे हे सांगून मी तुला काही परत देत नाही. होते तेही घेतो आहे. तुला नोकरीचा आनंद होता, तो गेला. एक काका होता. पण तू स्वतःला कमी समजून त्या खिडकीपाशी तीस वर्षे बसणार, आणि मी समोर बसून तुला शाबासकी देणार, हे मला सोसवेना. कमी तुझ्यात नव्हते. हे वाक्य मी नोव्हेंबरात लिहायचे होते, ते एप्रिलमध्ये, चुकीच्या पत्त्यावर लिहितो आहे.

नेमणुकीचा आदेश सोबत ठेवला आहे. त्यावर तुझी सही लागते. केलीस तर बासने तुझी. मी दुसऱ्या खोलीत बसेन, तू हाक मारल्याशिवाय येणार नाही. न केलीस तर संचालकांना कारण मी सांगेन, खरे तेच. दोन्हींत मला काय हवे आहे ते विचारू नकोस. माझ्या हवे असण्याने जे व्हायचे ते एकदा झाले आहे.

वहिनींना तू सांगायचे की मी, हे तू ठरव. तुझ्या वडिलांना सांगण्याची वेळ माझ्यावर आली नाही, एवढेच त्यांच्या जाण्यात मला आज बरे वाटते, आणि हे असे वाटणेही मला माफ करण्यासारखे दिसत नाही.

हे पत्र मी काकूला वाचून दाखवले. जानेवारीत बंद झाले म्हणालो ते खोटे होते, हे तिला आजच कळले. ती रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. माझे वाचून होईपर्यंत तिने ऐकले, उठली, पाकीट आणले आणि पत्ता स्वतःच्या हाताने लिहिला. म्हणाली, "तुमचं अक्षर दिसलं की ती पोर दारातच पाकीट फोडते. हे तिने बसून वाचावं."

तेव्हा आता तू बसली असशील.

तुझ्या उत्तराच्या लायक नसलेला, तरी रोज टपालाची वाट पाहणारा,
काका